सगळे गप्प आहेत म्हणजे सगळ्यांना पटलंय असं नाही

द्राक्षांची गोडी छाटणी (घड धरण्यासाठीची) होऊन बागा फुटायला लागल्या आणि त्यात दोन दिवस ढगाळ हवा पडली, की नाशिकच्या दिंडोरी-निफाड पट्ट्यात पहाटेच फवारणीच्या ब्लोअरचे आवाज सुरू होतात. डाऊनी या बुरशीच्या रोगाची भीती. एकाने फवारा मारला की शेजारचा विचारतो, ‘काय मारलं?’ औषधाचं नाव कळलं की तोही ट्रॅक्टर जोडतो. त्याच्या पलीकडच्या शेतकऱ्याला आता दोन्ही बाजूंनी आवाज येतो. त्याच्या बागेत अजून एकही डाग नाही, कालच त्याने पानं उलटून पाहिली आहेत. तरी मनात येतंच, दोघंही मारताहेत म्हणजे त्यांना काहीतरी दिसलं असेल. संध्याकाळपर्यंत सगळं शिवार फवारून झालेलं असतं. पहिल्या माणसाला खरंच रोग दिसला होता, की दुकानदाराने सांगितलं म्हणून त्याने औषध मारलं, हे कुणीच विचारलेलं नसतं.

या शेतकऱ्याला बावळट म्हणणं अन्यायाचं आहे. वर्षभराचं कर्ज, मजुरी, औषधांची उधारी सगळं त्या घडांवर उभं असतं आणि हवा बिघडली तर विचार करायला चार दिवस मिळत नाहीत. आपल्याला पक्कं माहीत नसेल तेव्हा ज्याला माहीत असेल त्याच्याकडे बघायचं, हा माणसाचा फार जुना स्वभाव आहे आणि बहुतेक वेळा तो उपयोगी पडतो. घोटाळा होतो तो सगळेच एकमेकांकडे बघायला लागतात आणि पानाकडे बघायला कुणी उरत नाही तेव्हा.

गर्दीमागे जाणाऱ्यांना आपण पटकन ‘मेंढरं’ म्हणतो. मला ते मनापासून खटकतं, कारण त्यातून काहीच समजत नाही. माणसं एकमेकांसारखं का वागतात याचा मानसशास्त्रात गेली नव्वद वर्षं प्रयोग करून अभ्यास झाला आहे. त्यातून मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी: माणूस ज्याच्यापुढे झुकतो ते पुष्कळदा इतरांचं मत नसतंच. इतरांचं मत काय असेल याचा त्याने मनातल्या मनात बांधलेला तो अंदाज असतो. आणि हा अंदाज फार वेळा चुकतो.

अंधारातला ठिपका

तुर्कस्तानात जन्मलेले मुझफ्फर शेरीफ यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग अगदी साधा होता. पूर्ण अंधाऱ्या खोलीत भिंतीवर प्रकाशाचा एक बारीक ठिपका. ठिपका स्थिर असतो, पण आजूबाजूला काहीच दिसत नसल्यामुळे डोळ्यांना तो हलल्यासारखा वाटतो. ‘किती हलला?’ असं एकेकट्याला विचारलं तर कुणी इंचभर सांगतो, कुणी आठ इंच, आणि प्रत्येक जण हळूहळू आपल्या आकड्याच्या आसपास स्थिरावतो. मग या माणसांना एकत्र बसवून मोठ्याने उत्तर द्यायला लावलं. काही फेऱ्यांत त्यांचे आकडे जवळ येत गेले आणि गटाचा म्हणून एक आकडा तयार झाला. नंतर पुन्हा एकेकट्याला विचारलं तरी ते गटाचाच आकडा सांगत राहिले. कुणी कुणावर दबाव आणला नव्हता, ठिपका तर मुळात हललाच नव्हता.

१९६१ मध्ये याच प्रयोगाला पुढचा जोड दिला गेला. आधी गटात मुद्दाम फुगवलेला आकडा सांगणारी शिकवलेली माणसं बसवली. मग दर काही वेळाने एकेक जुना माणूस बाहेर आणि एक नवा आत. शिकवलेले सगळे निघून गेल्यावरही उरलेले नवखे काही पिढ्या तो फुगवलेला आकडा चालवत राहिले. हळूहळू तो ओसरला, पण लगेच नाही. ‘आमच्यात असंच करतात’ या वाक्यामागे पुष्कळदा हेच असतं. पद्धत सुरू करणारा माणूस आणि त्याचं कारण कधीच निघून गेलेलं असतं, आणि ती चालवणाऱ्या प्रत्येकाला वाटत असतं की आधीच्याने विचार करूनच केलं असणार.

रेषांचा प्रयोग, जसा घडला तसा

शेरीफ यांच्या खोलीत निदान अंधार होता. सगळं लख्ख दिसत असताना माणूस डोळ्यांवर विश्वास ठेवेल, असं सॉलोमन ॲश यांना वाटत होतं. १९५० च्या दशकात त्यांनी ते तपासून पाहिलं. सात ते नऊ तरुण एका टेबलाभोवती बसलेले. समोर एका कार्डावर एक रेषा, दुसऱ्या कार्डावर तीन. तिन्हींपैकी पहिलीएवढी कोणती, हे एकेकाने मोठ्याने सांगायचं. लहान मूलही चुकणार नाही इतकं सोपं. मात्र टेबलाभोवतीच्या माणसांपैकी खरा परीक्षार्थी एकच, तो शेवटून दुसरा. बाकी सगळे ॲश यांचे. अठरापैकी बारा फेऱ्यांत ते सगळे ठरवून, चेहऱ्यावर काही न दाखवता, एकच चुकीचं उत्तर द्यायचे.

या फेऱ्यांमधली सुमारे ३७ टक्के उत्तरं गटासारखी चुकीची आली. एकटे असताना हेच काम करणाऱ्यांच्या चुका १ टक्क्याहूनही कमी होत्या. साधारण तीन चतुर्थांश जण बारापैकी एकदा तरी वाकले, एक चतुर्थांश एकदाही वाकले नाहीत.

हा प्रयोग बहुतेक ठिकाणी ‘माणूस समूहापुढे डोळे मिटतो’ अशा शब्दांत सांगितला जातो. मला तो अर्धाच सांगितल्यासारखा वाटतो. जवळपास दोन तृतीयांश वेळा त्या तरुणांनी सगळ्यांच्या विरोधात जाऊन बरोबर उत्तर दिलं. तेही सहज नाही. कुणी अस्वस्थ झाले, कुणी खुर्चीतून वाकून पुन्हा पुन्हा कार्ड पाहिलं. आणि जे वाकले, त्यांच्याशी ॲश नंतर बोलले. रेषा खरोखर तशीच दिसली असं म्हणणारे अगदी थोडे निघाले. पुष्कळांना वाटलं, एवढे सगळे सांगताहेत म्हणजे माझ्याच नजरेत काही दोष असेल. काहींना आपलं बरोबर आहे हे माहीत होतं, पण सगळ्यांत वेगळं दिसायचं नव्हतं, प्रयोगाचा विचका करायचा नव्हता.

ॲश पुढे एकेक गोष्ट बदलत गेले. विरोधात एकच माणूस असेल तर परिणाम नगण्य. दोन असले की चुका १४ टक्क्यांच्या आसपास. तीन झाले की जवळपास ३२ टक्के. त्यापुढे माणसं वाढवून फारसा फरक पडला नाही. म्हणजे तीन तोंडांतून आलेली एक गोष्ट आणि दहा तोंडांतून आलेली तीच गोष्ट, मनावरचं ओझं जवळपास सारखंच.

याहून मोलाचं पुढे आहे. त्या टेबलाशी फक्त एक जण बरोबर उत्तर देणारा बसवला की खऱ्या माणसाच्या चुका एक चतुर्थांशावर आल्या. कळस म्हणजे, तो दुसरा माणूस बरोबर नसला, गटापेक्षा वेगळं पण चुकीचंच उत्तर देत असला, तरी चुका कमी झाल्या. तो सोबती मधूनच फुटून बहुमताला मिळाला तर मात्र चुका पुन्हा उसळल्या. म्हणजे माणसाला दडपत होतं ते माणसांच्या संख्येपेक्षा त्यांचं एकमत. त्या एकमताला एक चीर गेली की माणसाला स्वतःचे डोळे परत मिळतात.

दोन वेगळी कारणं

१९५५ मध्ये मॉर्टन डॉइच आणि हॅरोल्ड जेरार्ड यांनी एक भेद मांडला, तो रोजच्या आयुष्यात फार कामाला येतो. माणूस इतरांसारखं वागतो त्याची कारणं दोन. एक, त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. दुसरं, त्यांनी मला आपलं म्हणावं. ओळखायची सोपी कसोटी आहे: कुणी बघत नसतं तर मी हेच केलं असतं का? द्राक्षवाला रात्री एकटा असता तरी त्याने फवारा मारला असता. त्याचा प्रश्न माहितीचा आहे.

याउलट इंदिरानगरमधल्या एखाद्या सोसायटीची वार्षिक सभा डोळ्यांसमोर आणा. अध्यक्ष रंगकामाच्या कंत्राटाचा ठराव वाचतात, रक्कम ऐकून चार-पाच जणांच्या पोटात गोळा येतो, ‘मंजूर?’ असा प्रश्न येतो, पुढच्या दोन खुर्च्यांतून ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज उठतो आणि विषय संपतो. मग पार्किंगमध्ये कुजबुज, ‘जरा जास्तच नाही का वाटलं?’ इथे माहिती कमी नव्हती. शेजाऱ्याशी वाकडं नको, रोज लिफ्टमध्ये तोंड दिसतं, एवढंच. चिठ्ठीवर मत मागितलं असतं तर निकाल वेगळा लागला असता. ॲश यांच्या प्रयोगातही उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी कागदावर लिहायला दिलं तेव्हा चुका खूपच कमी झाल्या.

दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. ज्याला माहिती हवी आहे त्याला धीर देऊन उपयोग नाही, आणि ज्याला वाळीत पडायची भीती आहे त्याला आणखी माहितीपत्रकं देऊन उपयोग नाही. जनजागृतीच्या अनेक मोहिमा इथेच फसतात.

ॲश यांच्या धर्तीवरचे १७ देशांतले १३३ अभ्यास १९९६ मध्ये एकत्र तपासले गेले. जिथे कुटुंब-समाजाला व्यक्तीहून अधिक वजन आहे अशा देशांत माणसं गटाशी जास्त जुळवून घेताना दिसली. यावरून आपण दुबळे आहोत असा निष्कर्ष काढणारे भेटतात, तो मला पटत नाही. चारचौघांत समोरच्याचा मान राखणं हीसुद्धा एक किंमत देऊन जपलेली गोष्ट आहे. तिची किंमत कधी जास्त होते, एवढं कळलं पाहिजे.

दुसऱ्या गिऱ्हाइकाने केलेली चूक

मुंबईत जन्मलेले आणि २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी यांनी १९९२ मध्ये घोळक्याच्या वागण्याचं एक गणित मांडलं. त्यांचं उदाहरण दोन उपाहारगृहांचं आहे. नाशिककरांसाठी ती दोन मिसळीची दुकानं समजू.

रविवारची सकाळ, गंगापूर रोडला शेजारीशेजारी दोन नवी दुकानं. लोकांचं आधीपासून पहिल्याबद्दल किंचित बरं मत आहे. मात्र शंभर गिऱ्हाइकांपैकी नव्व्याण्णव जणांनी आपापल्या ओळखीतून ऐकलंय की दुसरं सरस आहे. एकानेच उलट ऐकलंय, आणि नेमका तोच सकाळी आधी पोचतो. तो पहिल्या दुकानात शिरतो. दुसरं गिऱ्हाईक येतं. त्याने ऐकलेलं दुसऱ्या दुकानाच्या बाजूचं, पण समोर एक माणूस पहिल्यात बसलेला दिसतो. एक खूण इकडची, एक तिकडची, दोन्ही फिटल्या. उरलं ते आधीचं किंचित बरं मत. तोही पहिल्यात शिरतो. आता तिसऱ्याला दोन माणसं दिसतात. त्याला कळायला मार्ग नाही की त्यातल्या दुसऱ्याने स्वतः ऐकलेलं गिळून टाकलं आहे. तो शिरतो, चौथा शिरतो, दहा वाजेपर्यंत पहिल्या दुकानापुढे रांग आणि दुसऱ्यात रिकामी बाकडी. शंभरातल्या नव्व्याण्णव जणांना जे माहीत होतं ते त्या रांगेत कुठेच दिसत नाही.

प्रत्येकाने आपापल्या परीने शहाणाच निर्णय घेतला होता. माहिती बुडाली ती दुसऱ्या गिऱ्हाइकाशी, आणि तिथून पुढची रांग कितीही लांब झाली तरी तिच्यात एकाच माणसाचं मत साठलेलं होतं. उन्हाळ कांदा लावायचा की नाही हे शेजाऱ्याचं रोप बघून ठरवताना, शेअर घेताना, मुलाला कुठल्या क्लासला घालायचं ते ठरवताना आपण अशाच रांगा बघत असतो. म्हणून द्राक्षवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘काय मारलं?’ यापेक्षा ‘पानावर काय दिसलं?’ हा प्रश्न कितीतरी मोलाचा. पहिल्यातून कृती पसरते, दुसऱ्यातून माहिती.

गाण्यांच्या बाबतीत हे प्रत्यक्ष तपासलं गेलं आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चौदा हजारांहून जास्त लोकांना ४८ अनोळखी गाणी ऐकायला दिली. त्यांचे आठ वेगळे गट केले आणि प्रत्येकाला आपल्याच गटातल्या डाउनलोडचे आकडे दिसत. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट वर आली नाहीत. पण मधल्या गाण्यांचं काहीही झालं. एका गटात गाजलेलं गाणं दुसऱ्यात पडून राहिलं.

धूर येतोय आणि कुणी हलत नाही

इथवर माणसं इतरांच्या कृतीकडे बघत होती. आता इतरांच्या शांततेकडे बघू, कारण आपल्या घराघरांतले कितीतरी प्रश्न इथे अडकले आहेत.

बिब लातने आणि जॉन डार्ली यांनी १९६८ मध्ये विद्यार्थ्यांना एका खोलीत प्रश्नावली भरायला बसवलं. थोड्या वेळाने भिंतीतल्या झडपेतून धूर यायला लागला. एकटे असलेल्यांपैकी ७५ टक्के जणांनी बाहेर येऊन सांगितलं. सोबत मुद्दाम शांत बसवलेले दोघं असतील, तर दहापैकी एकानेच. बाकीचे डोळे चोळत, खोकत प्रश्नावली भरत राहिले. नंतर विचारलं तर कुणी म्हणालं वाफ असेल, कुणी आणखी काही. प्रत्येकाने दुसऱ्याचा शांत चेहरा बघून ठरवलं होतं की घाबरण्यासारखं काही नाही.

आता लग्नाचा हंगाम घ्या. लॉन्सचं भाडं, सजावट, पाच तऱ्हांचे गोड पदार्थ, आहेर, मानपान, वरातीत डीजे. मुलीच्या वडिलांना एकांतात विचारा, ते म्हणतील हे अती होतंय. मुलाच्या वडिलांनाही तसंच वाटत असतं. मामांना, आत्यांना, खुद्द नवरानवरीलाही. पण प्रत्येकाला खात्री असते की समोरच्याला थाट हवा आहे, आपण कमी केलं तर लोक नावं ठेवतील. तेच ‘लोक’ आपापल्या घरी बसून आपल्याबद्दल हाच विचार करत असतात. असं कुणालाच नको असलेलं लग्न चारशे पानं वाढून पार पडतं. ते पाहून आणखी चार घरांना पटतं की सगळ्यांना हेच हवं असतं. लोक काय म्हणतील याची धास्ती खोटी नाही, लोक खरंच बोलतात. पण ती धास्ती मोजून पाहिलेली नसते आणि माझ्या मते आपल्या समाजाचं सगळ्यांत महागडं न मोजलेलं माप हेच आहे. जमीन विकून लग्न लावणारा बाप मी आकड्यांत बसवू शकत नाही.

मोजून पाहिलं तर काय होतं? सौदी अरेबियात रियाधमधल्या तरुण विवाहित पुरुषांवर झालेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. बायकांनी घराबाहेर नोकरी करायला हरकत नाही, असं बहुतेकांचं खासगी मत होतं. पण आपल्या आजूबाजूचे इतर पुरुष किती विरोधात असतील याचा त्यांचा अंदाज खूप फुगलेला होता. काहींना फक्त खरा आकडा सांगितला. ना भाषण, ना उपदेश. त्या घरांतल्या स्त्रियांनी पुढच्या काही महिन्यांत नोकरीसाठी अर्ज करण्याचं आणि मुलाखतीला जाण्याचं प्रमाण वाढलं.

आपल्याकडचं उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं आहे. हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हे करायला सांगितलं. घरोघरी एकेकट्याने ही प्रथा मोडायची तर त्या घरावर, आणि मुख्य म्हणजे त्या बाईवर, सगळा भार येतो. चावडीवर सर्वांसमोर हात वर झाले की प्रत्येकाला दिसतं की शेजाऱ्यालाही हे नको होतं. ठरावाने प्रथा एका दिवसात मरत नाही, हे खरं. पण ‘गावाला हवंय’ असं म्हणायची सोय तरी उरत नाही.

चांगल्या हेतूने दिलेला उलटा संदेश

माणसं बहुसंख्य काय करतात ते बघतात, हे माहीत असूनही आपण सूचना कशा लिहितो? ‘हेल्मेट नाही, सर्रास उल्लंघन’, ‘हजारो दुचाकीस्वारांवर कारवाई’. वाचणाऱ्याच्या मनात उरतं ते हे, की हजारो जण घालत नाहीत. ॲरिझोनातल्या अश्मीभूत जंगलाच्या उद्यानात रॉबर्ट चाल्डिनी यांनी याची चाचणी घेतली. लोक दगड बनलेल्या लाकडाचे तुकडे खिशात घालून नेत. ‘आधीच्या अनेक पर्यटकांनी तुकडे नेल्याने जंगलाची स्थिती बदलली आहे’ असा फलक लावला तिथे खूण केलेल्या तुकड्यांपैकी जवळपास ८ टक्के चोरीला गेले. नुसतं ‘कृपया नेऊ नका’ असा फलक होता तिथे २ टक्क्यांहून कमी.

नाशिकमध्ये १५ ऑगस्ट २०२१ पासून हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही असा नियम लावला गेला. नियम किती काळ टिकला यावर वाद घालता येईल. पण पंपावरच्या रांगेत सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट दिसणं, ही दंडाच्या पावतीपेक्षा वेगळी ताकद आहे. गोदाघाटावरच्या निर्माल्याचंही तसंच. पाण्यात आधीच फुलं-पिशव्या तरंगत असतील तर नवा माणूस कलश शोधत बसत नाही. स्वच्छ पाण्यात पहिली पिशवी टाकायला मात्र हात अडखळतो. घाट पहाटे साफ झाला तर दिवसभर सांगावं कमी लागतं.

गर्दी वेडी असते का?

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून भिक्षेकरी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्याच रात्री आपल्या जिल्ह्यात मालेगावात अशाच अफवेवरून जमाव एका कुटुंबावर धावून गेला, पोलिसांनी त्यांना वाचवलं. हे लिहिताना आजही हात जड होतो. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

जमावात इतकी क्रूर माणसं एकाच वेळी कुठून येतात? समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये दिलेलं उत्तर अस्वस्थ करणारं आहे. समजा चौकात शंभर माणसं आहेत. एक जण कुणाचीही वाट न बघता दगड उचलणारा. दुसरा, एकाने उचलला तरच उचलणारा. तिसरा, दोघांनी उचलला तर. असे शंभरपर्यंत. पहिला दगड पडला की शंभरही सामील होतात. आता फक्त दुसरा माणूस बदला, एकाऐवजी दोघांनी उचलल्यावरच उचलणारा ठेवा. दंगल एका माणसावर थांबते. दोन्ही चौकांतली माणसं जवळजवळ सारखीच. निकाल मात्र एकीकडे जळालेली बाजारपेठ आणि दुसरीकडे एक वेडगळ माणूस. म्हणूनच अफवेच्या पहिल्या दहा मिनिटांत ‘थांबा, आधी विचारू तरी’ म्हणणाऱ्या एका माणसाचं मोल इतकं मोठं आहे.

पण गर्दी म्हणजे अविचार, असं सरसकट म्हणणारी जुनी समजूत अभ्यासकांनी मागे टाकली आहे. २७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. अशा वेळी ‘लोक सैरभैर झाले’ असं म्हणून मोकळं होणं सोपं असतं. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसं झाली की कुणाचंच शरीर स्वतःच्या ताब्यात राहत नाही, मागचा दाब पुढे सरकत जातो. तिथे मनापेक्षा रस्त्याची रुंदी आणि येणाऱ्यांचा वेग जास्त ठरवतो. २०२७ च्या सिंहस्थाची तयारी करताना हा फरक विसरला जाऊ नये, असं मला कळकळीने वाटतं. शिस्त पाळा हे फलक रुंद वाटेची जागा घेऊ शकत नाहीत.

आणि गर्दी माणसाला बरंही करते. प्रयागच्या माघमेळ्यात महिनाभर कडाक्याच्या थंडीत, गोंगाटात राहिलेल्या कल्पवासींचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. घरी राहिलेल्या तशाच लोकांशी तुलना करता कल्पवासींनी आपली तब्येत आणि मन जास्त बरं असल्याचं सांगितलं. अनोळखी माणसांत आपलेपणा मिळाला की कष्ट हलके होतात, हे वारीला गेलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

थोड्यांचा आवाज

बहुमत इतकं भारी असेल तर काही बदलतंच कसं? सर्ज मॉस्कोव्हिसी यांनी १९६९ मध्ये ॲश यांचा प्रयोग उलटा केला. सहा जणांच्या गटात दोघेच शिकवलेले, आणि ते निळ्या रंगाला ठामपणे हिरवा म्हणायचे. दर वेळी न चुकता म्हटलं तेव्हा इतरांची ८ टक्क्यांहून जास्त उत्तरं ‘हिरवा’ अशी आली. कधी हिरवा, कधी निळा असं डळमळत म्हटलं तेव्हा जेमतेम सव्वा टक्का. थोड्यांकडे संख्या नसते, सातत्य असू शकतं. मॉस्कोव्हिसी यांचं म्हणणं असं होतं की त्यांचा परिणाम लगेच तोंडावर दिसत नाही. माणसं चारचौघांत ‘नाही’ म्हणतात आणि नंतर एकटी विचार करत बसतात.

प्रयोगशाळेतल्या रंगांची तुलना माणुसकीच्या लढ्याशी करू नये, पण पंचवटीत हा विचार टाळता येत नाही. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाडांच्या संघटनाच्या जोरावर काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दरवाजे बंदच राहिले. माणसं पुन्हा येत राहिली, मार खाल्ला, तुरुंगात गेली, आणि हे काही दिवस नव्हे, काही वर्षं चाललं. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. मंदिराचं दार त्या सत्याग्रहाने उघडलं नाही. पण अस्पृश्यतेला सगळ्यांची संमती आहे, असं भासवत राहणं त्यानंतर शक्य राहिलं नाही.

बैठकीत करता येण्यासारखं

शाळेची पालकसभा असो, बचत गट असो की कंपनीतली मिटिंग, काही गोष्टी आजपासून करता येतात. चर्चा सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाने आपलं मत चिठ्ठीवर लिहायचं, मग बोलायचं. सगळ्यांत वडीलधाऱ्या किंवा वरिष्ठ माणसाने शेवटी बोलायचं, कारण सर एकदा बोलले की मग सरांचंच ऐकू येतं. ‘कुणाची हरकत?’ असं विचारण्याऐवजी ‘यात काय चुकू शकतं, प्रत्येकाने एकेक सांगा’ असं विचारायचं. हरकत घेणाऱ्याला उभं राहावं लागतं, चूक सांगणाऱ्याला फक्त प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं. शिक्षकांनी फळ्यावरच्या गणिताला हात वर करायला लावण्याआधी वहीत उत्तर लिहून घेतलं तर मागच्या बाकावरचं मूल पुढच्या हुशार मुलाचा हात बघून आपलं बरोबर उत्तर खोडणार नाही.

आणि एखादा जण एकटा पडून बोलला व तुम्हाला त्याचं पटलं, तर तिथेच, त्याच वेळी बोला. रात्री खासगी मेसेजमध्ये ‘तुझं बरोबर होतं’ असं कळवण्याने त्याला बरं वाटेल, पण ठराव झालेला असेल. त्याचं सगळं पटलं पाहिजे असंही नाही. ॲश यांच्या टेबलाशी वेगळं पण चुकीचं उत्तर देणाऱ्याचीसुद्धा मदत झाली होती. ‘मला अजून नीट कळलेलं नाही, मत घ्यायच्या आधी दहा मिनिटं द्या,’ एवढं म्हटलं तरी चालतं.